पत्ता संपला, जागा उरली : हार्ड डिस्कच्या मर्यादांची गोष्ट



आजचा विषय जुन्या संगणकांचा आहे, आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. त्यामुळे काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. पण विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. एका नुकसानीमुळे तो आमच्या गळ्यात पडला. ती नुकसानी पुढे सांगूच. आधी नदीवर जाऊ या, कारण पंचवटीत कुठलीही गोष्ट शेवटी गोदावरीवरच येते.

पावसाळ्यात पूर आला की इथला माणूस काय विचारतो? 'दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं?' गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. किती क्युसेक सोडलं हे वर्तमानपत्रं सांगतात, पण गावाची मोजपट्टी तो मारुती आहे. आता समजा, मारुती पूर्ण बुडाला. मग पाणी किती वाढलं हे त्या मोजपट्टीवर सांगता येत नाही. पाणी वाढतच असतं, पण आपल्याजवळचा शब्द संपलेला असतो. मग लोक काय करतात? नारोशंकराच्या देवळाच्या घंटेकडे बघतात. घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. एक मोजपट्टी संपली, दुसरी, जास्त उंचीची, हाताशी धरली.

हार्ड डिस्कचा इतिहास नेमका असाच आहे. जागा वाढत गेली, आणि जागेला नाव द्यायची पट्टी वेळोवेळी बुडत गेली. मर्यादा बहुतेक वेळा डिस्कमध्ये नव्हतीच, ती पत्त्यात होती.

वाडा, चौक, खोली

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएमने रामॅक या यंत्राबरोबर आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि त्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. म्हणजे आज तुम्ही फोनवर काढता त्या एका फोटोएवढा ऐवज. तिथून आपण थेट १९८३ मध्ये येऊ. त्या वर्षी आयबीएमच्या पीसी-एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क बसवून मिळू लागली, आणि घरगुती संगणकात 'कायमची जागा' ही कल्पना रुजली.

या डिस्कवरचा एखादा तुकडा शोधायचा कसा? जुन्या नाशकातला वाडा डोळ्यांसमोर आणा. पत्ता सांगायचा तर कितवा चौक, कितवा मजला, कितवी खोली, असे तीन आकडे लागतात. डिस्कचंही तसंच. तबकडीवर एकात एक अशी वर्तुळं असतात. सगळ्या तबकड्यांवरची एकाच त्रिज्येची वर्तुळं मिळून झाला सिलिंडर. तबकडीची कुठली बाजू वाचायची हे सांगतो तो हेड. आणि वर्तुळाचा जो तुकडा तो सेक्टर. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. एक्सटीच्या त्या डिस्कला ३०६ सिलिंडर, ४ हेड आणि वर्तुळामागे १७ सेक्टर होते. करा गुणाकार, १,०६,५३,६९६ बाइट येतात. झाले १० एमबी.

आता हे तीन आकडे संगणकाला लिहून ठेवावे लागतात, आणि लिहायला चौकटी मोजक्या. आपले सरकारी फॉर्म असतात ना, घर क्रमांकाला दोनच चौकटी ठेवलेले? मग शंभराव्या घराचं काय? घर बांधलेलं आहे, माणसं राहताहेत, चूल पेटते आहे, पण फॉर्मवर ते घर लिहिताच येत नाही. संगणकाच्या चौकटीला बिट म्हणतात आणि तिच्यात शून्य किंवा एक एवढंच मावतं. दहा चौकटी असतील तर १,०२४ वेगवेगळे आकडे लिहिता येतात, सोळा असतील तर ६५,५३६. त्यापुढे नाही.

पहिली ठेच लागली ती ३२ एमबीला. १९८४ साली डॉसची ३.० ही आवृत्ती आली, तिने सेक्टर मोजायला सोळा बिट ठेवले होते. ६५,५३६ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे बरोबर ३२ एमबी. डिस्क त्याहून मोठी असेल तर डॉसला ती एका तुकड्यात दिसेना. १९८७ च्या ३.३ आवृत्तीने तोड काढली ती अगदी आपल्या वाटणीच्या पद्धतीची. मोठ्या डिस्कचे ३२-३२ एमबीचे हिस्से करा, सी, डी, ई अशी नावं द्या. भावाभावांत वाडा वाटावा तसं. सेक्टर मोजायला ३२ बिट १९८८ च्या चौथ्या आवृत्तीत आले. पुढे याच फॅट-१६ पद्धतीची वरची हद्द एका हिश्शाला २ जीबी अशी ठरली, आणि १९९६ मध्ये फॅट-३२ आल्यावर तीही ओलांडली गेली.

दोन घरचा पाहुणा

सगळ्यात गमतीची, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात शिकवणारी मर्यादा पुढची आहे. ५२८ एमबीची.

संगणक सुरू होताना जो मूळ कार्यक्रम जागा होतो त्याला बायोस म्हणतात. डिस्कशी बोलायचं तर डॉस बायोसला सांगायचं, आणि बायोस डिस्कच्या नियंत्रकाला. म्हणजे निरोप दोन हातांतून जायचा. बायोसच्या फॉर्मवर सिलिंडरला १० बिट, हेडला ८ आणि सेक्टरला ६. डिस्कच्या बाजूचा फॉर्म वेगळ्याच मंडळींनी आखलेला. त्यात सिलिंडरला १६ बिट, हेडला ४ आणि सेक्टरला ८. दोघांनीही आपापल्या परीने कंजुषी केलेली नव्हती. बायोसच्या फॉर्मवर एकट्याने ८.४ जीबी मावतात, डिस्कच्या फॉर्मवर सुमारे १३७ जीबी. सन १९९० च्या आसपास हे दोन्ही आकडे घरगुती संगणकासाठी अफाटच.

पण निरोप दोन्ही फॉर्मवर लिहावा लागतो! म्हणजे प्रत्येक रकान्यात जो लहान, तोच चालणार. सिलिंडर १,०२४ (बायोसमुळे), हेड १६ (डिस्कमुळे), सेक्टर ६३ (पुन्हा बायोसमुळे, सहा बिटांत ६४ आकडे बसतात, पण सेक्टरची मोजणी शून्याऐवजी एकापासून होते, म्हणून एक वाया). गुणाकार १०,३२,१९२ सेक्टर. बाइटमध्ये ५२,८४,८२,३०४. आठ जीबी आणि एकशे सदतीस जीबी एकत्र आले आणि अर्धा जीबी उरला. आपल्याकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. तीच गत.

इथे आमची एक जुनी लाज सांगतो. ९४-९५ सालची गोष्ट असेल. आम्ही काही मित्रांनी मिळून वाचन-टिपणांसाठी संगणक घेतला, त्यात ५४० एमबीची डिस्क. सुरू केला तर आकडा दिसला ५०४. आम्ही तडक दुकानात. छत्तीस एमबी कुठे गेले? दुकानदार बिचारा सांगत होता की सगळ्यांना असंच दिसतं. आमच्यातले एक गणिताचे, त्यांनी टक्केवारी काढून त्याला ऐकवलं. खरी गोष्ट अशी होती की थोडी जागा पत्त्याअभावी अडली होती, आणि बाकीचा फरक मोजमापाचा होता. डिस्कवाले दहा लाख बाइटला एक एमबी म्हणतात, संगणक १०,४८,५७६ बाइटला. म्हणजे ५२८ आणि ५०४ हे एकाच रकमेचे दोन उच्चार. दुकानदाराने फसवलं नव्हतं. ते दुकान आता राहिलेलं नाही, नाहीतर जाऊन माफी मागितली असती.

यातून वाट कशी निघाली? बायोस सोयीचं खोटं बोलायला शिकला. डिस्क म्हणाली, माझ्याजवळ दोन हजार सिलिंडर आणि सोळा हेड आहेत. बायोसने डॉसला सांगितलं, एक हजार सिलिंडर आणि बत्तीस हेड आहेत. गुणाकार तोच, रकाने मात्र भरून निघाले. गंमत म्हणजे डिस्क तरी कुठे खरं बोलत होती? आत तबकड्या दोन-तीन, आणि ती सांगतेय सोळा हेड! बाहेरच्या मोठ्या वर्तुळांवर जास्त सेक्टर आणि आतल्या लहान वर्तुळांवर कमी, अशी रचना कधीच आली होती. म्हणजे 'वर्तुळामागे ६३ सेक्टर' हेही कल्पितच. वेदान्तात पारमार्थिक सत्ता आणि व्यावहारिक सत्ता असा भेद करतात. आम्ही तो वर्गात तीस वर्षं दोरी आणि सापाच्या उदाहरणाने शिकवला. निवृत्तीनंतर कळलं की टेबलावरच्या डब्यात त्याचं याहून चांगलं उदाहरण फिरत होतं. चौक-मजला-खोली हा पत्ता खोटा होता, पण त्या पत्त्यावर टाकलेलं पत्र पोचत होतं.

शेवटी वाड्याची भाषाच सोडून दिली. सगळे सेक्टर एका रांगेत उभे करायचे आणि शून्यापासून अनुक्रमांक द्यायचा. मग फक्त तो क्रमांक लिहायला किती बिट, एवढाच प्रश्न राहिला. डिस्कच्या बाजूने त्यासाठी २८ बिट मिळाले.

बोलणारी मर्यादा आणि मुकी मर्यादा

आता थोडं थांबून एक फरक लक्षात घेऊ, कारण आमची नुकसानी त्या फरकातून झाली.

१९९९ च्या सुमारास बाजारात ३४ जीबीहून मोठ्या डिस्क आल्या. तेव्हाच्या काही बायोसमध्ये पुन्हा एक आकडा तोकडा पडत होता. अशी डिस्क जोडली की संगणक सुरूच व्हायचा नाही. डिस्क ओळखायच्या पायरीवर थिजून उभा. माणसं वैतागायची. मग डिस्कच्या पाठीमागे एक बारीक जंपर असायचा, तो बसवला की डिस्क 'मी ३२ जीबीचीच आहे' असं सांगायची आणि गाडी पुढे सरकायची. गैरसोय होती, पण प्रामाणिक गैरसोय. यंत्र तुम्हाला तोंडावर सांगत होतं की मला हे झेपत नाही.

२८ बिटांची हद्द तशी नव्हती. २८ बिटांत २६,८४,३५,४५६ सेक्टर मोजता येतात, म्हणजे १३७ जीबी. २००२ च्या एटीए-६ या मानकाने ४८ बिट दिले आणि हा प्रश्न तत्त्वतः सुटला. पण मानक येणं वेगळं आणि घराघरातल्या जुन्या यंत्रांना ते कळणं वेगळं. जुन्या यंत्राला १३७ जीबीच्या पुढचा क्रमांक लिहायची वेळ आली तर काय होणार? वरचा अंक चौकटीबाहेर गळून पडणार आणि उरलेला लिहिला जाणार. दोन चौकटींच्या फॉर्मवर १०३ लिहायला जा, ०३ राहतं. आणि शून्य तीन नावाचं घर तर अस्तित्वात आहे! तिथे आधीच कोणीतरी राहतं आहे. तुमचं सामान त्याच्या घरात जाऊन पडतं, त्याचं नाहीसं होतं, आणि कोणाला पत्ता लागत नाही.

२००४ सालचा उन्हाळा. आम्ही चार-पाच जण पंचवटीतल्या वृद्धांच्या आठवणी व्हिडिओवर घेत होतो. सगळ्यांत मोलाची मुलाखत पहिलीच होती. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, आणि पुढे पाच वर्षं चालला. तेव्हा पोरवयात असलेले, घरच्यांबरोबर त्या गर्दीत उभे राहिलेले एक आजोबा आम्हाला भेटले. नव्वदीला टेकलेले, पण आवाज खणखणीत. तासभर बोलले.

डिजिटल कॅसेटचा एक तास संगणकावर उतरवला की सुमारे १३ जीबी जागा खातो. म्हणून आम्ही वर्गणी काढून १६० जीबीची डिस्क घेतली. एका परिचिताच्या नव्या संगणकावर ती तयार करून घेतली आणि आमच्या जुन्या संगणकात बसवली. आमच्या संगणकाने विनातक्रार १६० जीबी दाखवली. कारण डिस्कवर तसं लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं वाचायला त्याला येत होतं. तिथवर जाता येत नव्हतं, एवढंच.

दहा कॅसेट उतरल्या. १३० जीबी. अकरावी चालू असताना मध्येच हद्द ओलांडली गेली. पडद्यावर काहीही दिसलं नाही. कॅसेट पूर्ण उतरली, आम्ही चहा घेतला, संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी सुरू केला तर तो म्हणाला, ही डिस्क कोरी आहे, तयार करू का?

जाणकारांनी खटपट करून बरंचसं परत मिळवून दिलं. गेलं ते डिस्कच्या सुरुवातीचं, म्हणजे आजोबांच्या मुलाखतीचा पूर्वार्ध. अकराव्या कॅसेटचा उत्तरार्ध त्याच्यावर जाऊन बसला होता. आता ती मुलाखत एका वाक्याच्या मधोमध सुरू होते. त्यात पुढच्या काळातली नोकरी आहे, लग्न आहे, मुलांची शिक्षणं आहेत. सत्याग्रहाचा दिवस नाही.

तुम्ही विचाराल, मूळ कॅसेट? ती आम्हीच पुसून पुन्हा वापरली होती. कॅसेटला पैसे पडत होते, आणि डिस्कवर तर सुरक्षित आहे असं आम्ही धरून चाललो होतो. पुन्हा मुलाखत घ्यायला गेलो तोवर आजोबा गेलेले होते. त्यात दोष यंत्राचा किती आणि आमचा किती, याचा हिशेब आम्ही पुष्कळदा केला. दर वेळी आमच्याच बाजूला जास्त निघाला.

शहाण्यांनी असं का केलं?

इतक्या हुशार अभियंत्यांनी पत्त्याला चौकटी कमी का ठेवल्या, असं आज सहज म्हणता येतं. पण १९८१ चा मूळ आयबीएम पीसी अवघ्या १६ केबी स्मृतीपासून मिळत असे. तिथे एकेक बिट म्हणजे दुष्काळातलं पाणी. ज्याच्या घरी १० एमबीची डिस्क आहे त्याच्या पत्त्यात ८ जीबीची सोय करणं म्हणजे आठशेपट दूरदृष्टी झाली. तिला कंजुषी कसं म्हणणार? चूक अंदाजाची कमी आणि गृहीतकाची जास्त होती. प्रत्येक वेळी 'एवढं पुरेल' म्हणणाऱ्याने मनात धरलं की आपली वस्तू चार-पाच वर्षांत मोडीत जाईल. वस्तू मोडीत गेली, तिने पाडलेली सवय राहिली. नव्या यंत्राला जुन्याशी जमवून घ्यावंच लागतं, तसा जुन्याचा पत्ता नव्याच्या अंगात शिरला.

आपल्या मराठीचंही एक उदाहरण बघा. पुण्याला १९८८ साली सी-डॅक सुरू झाली. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतपद्धती होती, तिचं राष्ट्रीय मानक १९९१ चं. तिच्यात 'नाशिक' हा शब्द पाच बाइटमध्ये मावायचा. न, काना, श, वेलांटी, क. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे 'नाशिक'ला पंधरा. तिप्पट! ५०४ एमबीच्या काळात हा खर्च डोळ्यांत आला असता. पण इस्कीच्या आठ बिटांत एका वेळी एकच भारतीय लिपी रोमनच्या शेजारी नांदू शकायची, दुसरी हवी तर आधी खूण करून लिपी बदलावी लागे. जागा वाचली, पण सगळ्या भाषांना स्वतःचा कायमचा पत्ता मिळाला नाही. युनिकोडने जागा खर्च केली आणि पत्ता दिला. आज तुम्ही हे व्याख्यान मराठीत वाचू शकता, कुठलाही खास फॉन्ट न घालता, ते त्या खर्चामुळे.

पट्ट्या अजून बुडणारच आहेत. विभागणीच्या जुन्या नोंदपद्धतीत ३२ बिट होते, तिची हद्द २.२ टीबी. २०१० च्या सुमारास ३ टीबीच्या डिस्क आल्या तेव्हा जुनी यंत्रं तिथे अडली आणि जीपीटी ही नवी पद्धत सर्रास झाली. काळ मोजायच्या पट्टीचंही तेच. अनेक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. ती मोजणी १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते, आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ सालात जाऊन पडतं. आपल्याकडे प्रभव ते क्षय ही साठ संवत्सरंही फिरून येतातच, पण ती फिरून येणार हे पंचांगवाल्याला ठाऊक असतं, म्हणून तो शेजारी शकाचा आकडा छापतो. चक्र असण्यात धोका नाही. चक्र आहे हे विसरण्यात आहे.

वह्या

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या असतात. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या खापरपणजोबांची सही तिथे सापडेल. गाव सांगा, आडनाव सांगा, वही निघते. वहीलाही पानं मोजकीच. पण पान भरलं म्हणून कोणी पहिल्या पानावरचं नाव खोडून नवं लिहीत नाही. नवी वही घालतात. जीर्ण झाली तर नकलून काढतात, आणि नकलताना माणूस ती वाचतोही. आमच्या डिस्कवर काय आहे हे सहा महिने कोणी उघडून पाहिलं नव्हतं.

म्हणून मंडळी, जाता जाता एक मागणं. तुमच्या माळ्यावर जुन्या कॅसेट, फ्लॉप्या, बंद पडलेले संगणक असतील. ते भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहा. नवीन डिस्कवर उतरवलंत तर उतरवलेलं चालवून बघा, सुरुवातीपासून, मधूनच नव्हे. दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. आणि मूळ प्रत, कितीही जागा अडवत असली तरी, पुसू नका.

त्या आजोबांच्या उरलेल्या अर्ध्या तासाच्या आम्ही आता तीन प्रती ठेवल्या आहेत. त्या सत्याग्रहाच्या आठवणी आपल्या घरात ऐकलेल्या कोणी असतील, आजीच्या तोंडून, आजोबांच्या तोंडून, तर व्याख्यानानंतर आम्हाला जरूर भेटा. लिहून घ्यायला आम्ही वही आणली आहे.